एमओयूमध्ये एक डोंगर लिहा : इंजिनिअरिंग कॉलेजांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे प्राचार्य, ई अँड टीसीचे (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) विभागप्रमुख आणि परदेशी विद्यापीठांबरोबरचे करार बघणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी आंबेगाव तालुक्यातला, घोडेगावच्या वरच्या अंगाला आमचं गाव, ई अँड टीसी करून आता पुण्यात एका कंपनीत अँटेना टेस्टिंगचं काम करतो. हे पत्र कुठल्या एका कॉलेजला नाही, सगळ्यांना आहे, कारण गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या पानावर मला एकच फोटो दिसतो, टेबलावर दोन झेंडे, मध्ये फाईल, दोन्हीकडे सही करणारी माणसं आणि मागे बॅनरवर 'अँटेना सिस्टिम्स अँड वायरलेस सेन्सर्स' या विषयात इंटरनॅशनल कोलॅबरेशन. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून फोटो बघितला की आधी आनंदच होतो. पण दोन-तीन वर्षांनी त्यातून काय झालं हे शोधायला गेलो की बहुतेक वेळा काहीच सापडत नाही.

म्हणून एकच मागणी आहे. असा करार, म्हणजे एमओयू, कराल तेव्हा त्यात एक जागा लिहा, आपल्याच जिल्ह्यातली, नाव-गाव असलेली, आणि त्या जागेवर दोघं मिळून किती पावसाळे काम करणार तो आकडा लिहा. बाकी मजकूर तुमचा नेहमीचा असला तरी चालेल.

ही मागणी कुठून आली ते सांगतो. मी थर्ड इयरला असताना आमच्या कॉलेजचा युरोपातल्या एका विद्यापीठाशी करार झाला. जानेवारीत तिकडचे एक प्रोफेसर दोन दिवस आले, लेक्चर झालं, फोटो झाले, आमच्या ग्रुपने जमिनीतला ओलावा मोजणारा वायरलेस नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेला छोटा डबा, बनवला होता तो त्यांना दाखवला. कॉलेजच्या ग्राउंडवर त्याची रेंज चारशे मीटर मिळत होती आणि आम्हाला वाटलं की झालं, जमलं. मग आम्ही चौघांनी आपल्या खर्चाने असे पाच नोड आमच्या गावच्या उतारावर लावले, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी. लावले त्या दिवशी पाचही दिसत होते. जुलैच्या मध्यावर नऊ दिवसांत चार गेले. एकाच्या अँटेना जोडायच्या एसएमए कनेक्टरमधून पाणी आत शिरलं होतं, दोनांची बॅटरी उतरली कारण आमच्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि सोलर पॅनल आम्ही पुण्याच्या उन्हावर हिशोब करून घेतलं होतं, आणि चौथा मात्र चालू होता, बॅटरी भरलेली होती, तरी त्याचा डेटा येत नव्हता.

त्या चौथ्याचं कोडं आम्हाला सुटेना. शेवटी धीर करून त्या प्रोफेसरांनाच मेल केला, सगळे रिडिंग जोडले. तीन दिवसांत उत्तर आलं आणि त्यात पहिलाच प्रश्न होता, की तुम्ही टेस्ट घेतली तेव्हा तिथं गवत किती उंच होतं? आम्ही जाऊन बघितलं तर जूनमध्ये जिथं मोकळी जमीन होती तिथं आता छातीइतकं गवत, ओलंचिंब, आणि आमची अँटेना जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. आमचे नोड २.४ गिगाहर्ट्झवर चालायचे, त्याची वेव्हलेंथ साडेबारा सेंटीमीटर, पाण्याने भरलेलं पातं न पातं तो सिग्नल खात होतं.

माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमधलं सगळ्यात मोठं शिक्षण तो एक प्रश्न होता, आणि माझ्या मते खरं कोलॅबरेशनही तेवढंच होतं. पण कॉलेजने आमच्याकडून प्रोजेक्टचा फोटो मागितला, नऊ दिवसांची नोंदवही कुणी मागितली नाही. पुढच्या बॅचला काहीच सांगितलं गेलं नाही, कराराची मुदत संपली, नोड कपाटात गेले. राग म्हणून नाही लिहीत, आमचे सर चांगले होते, त्यांच्या डोक्यावर नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल होती. पण हळहळ वाटते, कारण पुढच्या जूनमध्ये तेच नोड दहा फुटांच्या पोलवर लावता आले असते.

आता तो उतार आम्ही का निवडला होता. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं तेव्हा मी बारावीला होतो. माळीण आमच्याच तालुक्यातलं. सकाळी डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेर बातमी कशी कळली तर एसटीच्या ड्रायव्हरला रोजच्या जागी गाव दिसेना म्हणून. त्यानंतर २०२१ च्या जुलैत महाडचं तळिये, ऐंशीच्या वर माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी, जिथं गाडीरस्ता नाही म्हणून मदतीला आलेली माणसं अंधारात पावसात चढून गेली आणि मशिनरी वर नेताच आली नाही. आणि माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाड. आमच्याकडे आता जुलैत दोन दिवस पाऊस थांबला नाही की म्हातारी माणसं झोपत नाहीत, उठून उठून डोंगराकडे कान देतात. हे मी घरात बघितलेलं आहे.

तर सर, मॅडम, वायरलेस सेन्सर म्हणून तुम्ही जो विषय करारात लिहिता तो आमच्यासाठी इतका जवळचा आहे.

आणि हे होत नाही असं नाही, झालेलं आहे, आपल्याच पश्चिम घाटात. केरळात मुन्नारला अँथोनियार कॉलनी म्हणून वस्ती आहे, तिच्या वरच्या उतारावर अमृता विद्यापीठाच्या लोकांनी २००९ च्या सुमाराला सेन्सर नेटवर्क उभं केलं. ते युरोपियन युनियनच्या विन्सॉक नावाच्या प्रोजेक्टचा भाग होतं. आपोआप जुळवून घेणाऱ्या सेन्सर नेटवर्कची थिअरी युरोपात जोरात चालली होती, पण ती खऱ्या दरडीवर तपासायला त्यांना उतार हवा होता, आणि उतार मुन्नारकडे होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुन्नारच्या लोकांनी हात पसरून काही मागितलं नाही, त्यांच्याकडे द्यायला जागा होती, पाऊस होता आणि तिथं राहून काम करणारी माणसं होती.

त्यांनी केलं काय, तर उतारात खोल बोअर घेऊन त्यात वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर उतरवले. मातीच्या कणांमधलं पाणी किती दाबाने मातीला आतून ढकलतंय ते मोजणारे, म्हणजे पोअर प्रेशरचे, माती किती कलली ते मोजणारे टिल्टमीटर, कंपनं ऐकणारे जिओफोन, ओलावा आणि पाऊस. कारण दरड नुसत्या पावसाने पडत नाही, पाऊस मुरून आतला दाब वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून ठेवायचे सोडतात आणि तेव्हा उतार सुटतो, म्हणून वरून पडणारं पाणी मोजणं पुरत नाही, आतलं मोजावं लागतं. तिथून डेटा वायरलेस नोडवरून तो गोळा करणाऱ्या गेटवेला, तिथून वायफायने खालच्या सेंटरला आणि तिथून व्हीसॅटने, म्हणजे उपग्रहावरून, थेट कोल्लमजवळच्या कॅम्पसला. त्याच पावसाळ्यात आतला दाब वाढलेला दिसला आणि प्रशासनाला इशारा देता आला. प्रोजेक्टची मुदत संपली पण नेटवर्क उचलून नेलं नाही, वाढवत नेलं, आणि पुढे तोच अनुभव घेऊन ते सिक्कीमला गंगटोकजवळ चांदमारीला गेले.

तुलनेला आणखी एक सांगतो. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगड भागात चेन्नकेशवपुरा म्हणून गाव आहे, तिथं बंगळुरूच्या आयआयएससीने स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठाबरोबर २००४ च्या सुमाराला कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी सेन्सर नेटवर्क केलं. तेव्हाचे नोड, तेव्हाचे रेडिओ, अडचणी खूप आल्या, रेंजच्या, बॅटरीच्या, आणि शेतकऱ्याला नुसता आकडा देऊन काय उपयोग, त्याला आज पाणी द्यावं का नाही ते हवं असतं, हेही त्यांना तिथंच कळलं. पण या अडचणी त्यांनी लिहून ठेवल्या, आणि मला त्या वाचूनच पुष्कळ शिकायला मिळालं.

अँटेनाचं म्हणाल तर आपल्याला लांब जायची गरजच नाही. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्ये एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बाकीच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. लहानपणी नारायणगावला जाताना एसटीच्या खिडकीतून दिसायच्या. पण त्याची सुरुवात कुठं झाली ते मला कॉलेज संपल्यावर समजलं आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगतो.

१९५३ साली गोविंद स्वरूप, ज्यांनी पुढे जीएमआरटी उभी केली, ऑस्ट्रेलियाला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत शिकायला गेले. तिथं सिडनीजवळ पॉट्स हिलला सहा-सहा फुटांच्या ३२ डिश होत्या, त्यांचं काम संपलं होतं आणि त्या मोडीत निघणार होत्या, तर स्वरूपनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. त्यांनी दिल्यासुद्धा. पण जहाजाचं भाडं द्यायला परकीय चलन नव्हतं म्हणून ते काम लांबलं, डिश शेवटी भारतात आल्या आणि बऱ्याच वर्षांनी, १९६५ ला, मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) लोकांनी त्या कल्याणला उभ्या केल्या. आपलं कल्याण, मुंबईजवळचं! त्या ३२ डिशवर पोरं शिकली, त्यातून उटीची दुर्बीण झाली १९७० ला. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, आणि ती उटीला का, तर तिथल्या अक्षांशाइतकाच, अकरा अंशांच्या आसपास उतार असलेली टेकडी सापडली, त्यामुळे सगळी दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाली आणि एकाच दिशेने फिरवून तारा पकडून ठेवता येऊ लागला. परदेशातलं डिझाइन आणून ठेवलेलं नाही, आपल्या टेकडीचा उतार बघून केलेलं डिझाइन आहे ते.

मग खोडदची डिश. एवढी मोठी डिश पत्र्याची केली तर वाऱ्याचा जोर सांभाळायला लोखंड किती लागेल, पैसे किती लागतील. तर त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी केली आणि ती ताणलेल्या तारदोरांवर बसवली. ज्या वेव्हलेंथला ही दुर्बीण काम करते त्या जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठ्या, म्हणून लहरींना ती जाळी आरशासारखीच, वारा मात्र आरपार जातो. आमच्यासारख्या अँटेना टेस्टिंगवाल्याला हे बघून अजूनही भरून येतं. आपल्या हवामानाला आणि आपल्या पैशाला बसेल असं त्यांनी केलं, आणि म्हणूनच बाहेरचे लोक खोडदला यायला लागले. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याच्या काही वॉटच्या ट्रान्समीटरचा सिग्नल खोडदने पकडला, तो उतरायच्या थोडं आधी बंद झाला तेही खोडदला कळलं. २०२३ च्या जूनमध्ये पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून अतिशय मंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जगभरच्या गटांनी सांगितलं, त्यात भारत-जपानच्या गटाने खोडदचीच मोजमापं युरोपच्या गटाबरोबर जोडलेली होती.

आणि आता एसकेए, अनेक देश मिळून उभारतायत ती महाकाय रेडिओ दुर्बीण. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनला १,३१,०७२ अँटेना उभ्या राहतायत, दोन-दोन मीटर उंच, नाताळच्या झाडासारख्या, आणि दक्षिण आफ्रिकेत कारूला १९७ डिश. आपल्या सरकारने १,२५० कोटी मंजूर केलेत. हे एवढं मोठं यंत्र चालवायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर कसं असावं त्याच्या डिझाइनचं नेतृत्व जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरएकडे होतं. ते पुण्याकडे का आलं? कारण तीस डिश एकत्र चालवून, दुरुस्त करून, उन्हापावसात सांभाळून इथल्या लोकांचे हात तयार झाले होते. १९५० च्या दशकातल्या त्या ३२ मोडीतल्या डिशपासून इथपर्यंत धागा सरळ आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर एक ठराविक जागा आहे, कल्याण, उटी, खोडद.

तुम्ही म्हणाल ते टीआयएफआर, आम्ही तालुक्याचं कॉलेज. कबूल. पण मला पाच नोड आणि एक उतार म्हणायचाय, पंचेचाळीस मीटरची डिश नाही. आणि त्या पाच नोडमध्ये अँटेनाचे प्रश्न इतके आहेत की परदेशातल्या चांगल्या लॅबलाही त्यात रस वाटेल. समजा तुम्ही २.४ गिगाहर्ट्झ सोडून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा लायसन न लागणारा बँड घेतला, ज्यावर लोरा, म्हणजे कमी पॉवरमध्ये लांब जाणारं रेडिओ तंत्र, चालतं. वेव्हलेंथ साधारण पस्तीस सेंटीमीटर, गवत-झाडीतून जरा बरा जातो. पण एक किलोमीटरची लिंक असेल तर मधोमध, नुसती सरळ रेघ दिसून भागत नाही, त्या रेघेच्या सगळ्या बाजूंनी नऊ-एक मीटरचा पट्टा बराचसा मोकळा लागतो. सह्याद्रीच्या उतारावर असा पट्टा कुठं मिळतो? मग समोरच्या डोंगरावर गेटवे ठेवायचा का, दरीच्या पलीकडून बघायचं का? कारवी वाढल्यावर सिग्नल किती डेसिबलने पडतो, पानं भिजल्यावर किती, आठ दिवस धुकं असताना पॅनलमधून किती मिलिअँपिअर मिळतात? हे आकडे युरोपातल्या कुठल्याही कॅम्पसवर मिळणार नाहीत, आमच्या भीमाशंकरच्या बाजूला मिळतील, फुकट, दर जुलैत.

आमच्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे. जीएमआरटीच्या आसपास कुठलाही ट्रान्समीटर लावायचा म्हणजे आधी त्यांना विचारलं पाहिजे, कारण ते ज्या लहरी ऐकतात त्या इतक्या क्षीण असतात की आपला छोटा नोडसुद्धा त्यांच्या कानाशी ओरडल्यासारखा होतो. अपग्रेडनंतरचे त्यांचे बँड बघितले तर एक ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ आणि पुढचा १०५० ते १४५०, म्हणजे ८६५ कागदावर मधल्या गॅपमध्ये बसतो, पण ८५० च्या इतका जवळ की फिल्टर चांगला नसेल तर त्रास द्यायचाच. मग पोरांना फिल्टर डिझाइन करू द्या, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर हार्मोनिक, म्हणजे नको त्या पटीतल्या लहरी, तपासू द्या आणि रिपोर्ट घेऊन खोडदला जाऊ द्या. दर वर्षी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथं पोरांची प्रदर्शनं भरतात, माणसं प्रेमाने बोलतात, मी स्वतः अनुभवलंय. असा प्रोजेक्ट परदेशी पार्टनरला दाखवलात तर तो नाही म्हणणार नाही.

एका भीतीबद्दल बोललं पाहिजे, कारण एका सरांनी मला ती बोलून दाखवली. इशारा चुकला तर? गाव खाली केलं आणि दरड पडलीच नाही, नाहीतर त्याहून वाईट, इशारा दिलाच नाही आणि पडली, मग कॉलेजचं काय? खरी भीती आहे. पण इशारा देणं हे कॉलेजचं काम नाहीच, ते जिल्हा प्रशासनाचं आणि जिओलॉजिकल सर्व्हेचं. आपल्या जिओलॉजिकल सर्व्हेने ब्रिटिश जिओलॉजिकल सर्व्हेबरोबर लँडस्लिप नावाच्या प्रोजेक्टमध्ये दार्जिलिंग आणि निलगिरीसाठी अंदाजाची पद्धत बसवली, आणि २०२४ च्या जुलैत कोलकात्याला अंदाज केंद्रही सुरू केलं. अशा पद्धतीला लागतो तो जागेवरचा, वर्षानुवर्षांचा, भरवशाचा आकडा. तो तुम्ही द्या. गावात पहिल्याच दिवशी ग्रामसभेत स्पष्ट सांगा की हे यंत्र तुम्हाला वाचवणार नाही, हे मोजायला शिकण्यासाठी आहे, पाऊस वाढला तर नेहमीसारखं खाली या. लोकांना सरळ सांगितलेलं कळतं. लपवलं तर मात्र पोलवरचा डबा बघून ते निर्धास्त झोपतील, आणि ते पाप कुणाच्याच माथी नको.

पैशाचं म्हणाल तर एक टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक, पोअर प्रेशर मोजणारे दोन पिझोमीटर, पाच नोड, चांगले एनक्लोजर आणि पोल, एवढ्यावर पहिला पावसाळा निघतो. बॅनर, हॉटेल आणि शालीचा खर्च त्यात वळवला तरी मोठा हातभार लागेल. परदेशी पाहुण्यांना जानेवारीऐवजी जुलैत बोलवा, गमबूट द्या, एक रात्र गावात राहू द्या. आणि नोंदवही ठेवा, कागदाची, फाटली-भिजली तरी चालेल, पुढच्या बॅचच्या हातात सही घेऊन द्या. कुठला नोड कधी मेला आणि कशाने मेला हे सगळ्यात आधी त्यात लिहा, आणि परदेशात पेपर पाठवाल तेव्हा त्यातही लिहा.

माझ्याकडे आमचे ते पाच नोड आहेत, कपाट साफ करताना मी मागून घेतले. दोन अजून चालतात. अँटेना तपासायचं एक छोटं यंत्र, नॅनोव्हीएनए, आहे, त्यावर अँटेना ट्यून करून देता येईल. शनिवार-रविवार मी गावाकडेच असतो, उतार दाखवीन, ग्रामपंचायतीत बरोबर येईन, पोल कुठं ठोकायचे आणि कुठं गुरं येतात ते आमच्या चुलत्यांना माहितीय. फक्त बोअर पाऊस लागायच्या आधी घ्यावे लागतात, मे महिन्यात मशिन मिळत नाही, सगळे विहिरी आणि घरांच्या कामाला लागलेले असतात, तेव्हा मार्चमध्ये या. गवत तेव्हा वाळलेलं असतं, त्याची उंची आपण पहिल्याच दिवशी मोजून ठेवू.

आपला,
एक माजी विद्यार्थी
आंबेगाव तालुका, सध्या मुक्काम पुणे